शेजारी सीट नसलेली गाडी

१० फेब्रुवारी, सोमवार

हा प्लॅनर ओवीच्या शाळेचा. "मम, नोबडी यूजेस पेपर," म्हणून तिने तो रिसायकलिंगच्या डब्यात टाकला होता, मी काढून घेतला. लेक तेरा वर्षांची झाली की घरातला कचरा दर्जेदार होतो. प्रत्येक पानावर वर एक चौकट आहे: आजचं माझं ध्येय.

आजचं ध्येय: कारची टेस्ट पास होणे.
निकाल: नापास. तिसऱ्यांदा.

कारण लिहून ठेवते, कारण घरात ते कुणाला पटणार नाही. परीक्षक बाई शेजारी गप्प बसल्या होत्या. मला अशा गाडीची सवय नाही. तीन वर्षं शेजारी नवरा, चारुदत्त, बसतो आणि अखंड बोलतो. ब्रेक. ब्रेक म्हणतोय ना. आरसा. दुसरा आरसा. क्रिकेटची कॉमेंट्री एवढी सलग नसते. त्यामुळे राउंडअबाउटपाशी मी थांबले आणि पुढच्या हुकमाची वाट बघत बसले. हुकूम आलाच नाही. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला तेव्हा कळलं की जायचं होतं.

चारू म्हणाला, एवढं शिकवून काय उपयोग. खरंय. एवढं शिकवलं नसतं तर पास झाले असते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लीनाने केबिनमध्ये बोलावलं. लीना आमच्या वृद्धाश्रमाची मॅनेजर. नाव आपल्यातलं वाटतं, पण बाई फिनलंडवाल्यांच्या घरातली आहे आणि घड्याळाच्या बाबतीत मोठी कडक.

तर, सकाळच्या शिफ्टची टीम लीडर रिटायर होतेय. ती जागा मला द्यायचं लीनाच्या मनात आहे. कायमची नोकरी, कॅज्युअल नाही. पाच वर्षं मी इथे आज आहे, उद्याचं फोन करून सांगतो, अशी जगतेय. डोंबिवलीत बी.एस्सी. करून, इथे येऊन आजी-आजोबांना अंघोळी घालून, चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी 'कायम' म्हणतंय. मला रडू आलं. लीनाने टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि लगेच अट सांगितली.

साडेसहा म्हणजे साडेसहा. औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या टीम लीडरकडे असतात. गेल्या वर्षी मी अकरा वेळा उशिरा आले, अकराही वेळा नवऱ्याची गाडी हे कारण होतं, तिने लिहून ठेवलंय. अठ्ठावीस एप्रिलपासून चार आठवडे ट्रायल. एकही दिवस उशीर नको आणि यायचं स्वतःचं स्वतः. लिफ्टवर अवलंबून असलेल्या माणसाकडे ती किल्ल्या देणार नाही.

आमच्या ट्रुगानिनातून, मेलबर्नच्या या टोकाहून, पहिली बस निघते तेव्हा इथल्या आजोबांचा नाश्ता होत आलेला असतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

चारूला सांगितलं. म्हणाला, "मी आहे ना सोडायला." एवढंच. अभिनंदन वगैरे नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. जानेवारीपासून साहेब भलतेच वक्तशीर झालेत. गेल्या वर्षी त्याची साडेआठची मीटिंग असायची, त्यामुळे मला सोडताना चेहरा असा, की मी किडनी मागितलीय. आता मीटिंग दहाला गेलीय म्हणे. मी चप्पल घालायच्या आत गाडी सुरू. एवढी उदार आयटी कंपनी मी पहिल्यांदाच बघतेय. परवा बुधवारी भर दुपारी त्याने छताची पन्हळं साफ केली. वर्क फ्रॉम होम म्हणतात ते हेच असावं.

पहाटे चारला मात्र उठून बसतो. ॲसिडिटी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत किचनमधल्या कुशलने माझं आयुष्य बदललं. कुशल नेपाळी आहे, शिकायला आलाय, मोटरसायकलवर येतो. मी त्याच्याकडे रडगाणं गात होते. तो कांदे चिरता चिरता म्हणाला, दीदी, कार सीखने के लिए बगल में कोई चाहिए, बाइक के लिए नहीं. दोन दिवसांचा कोर्स करायचा, परमिट मिळतं, मागे पिवळा एल लावायचा, अंगात पिवळं जाकीट घालायचं आणि एकटीने जायचं. मागे कुणाला बसवायला बंदी.

मी तीनदा विचारलं. शेजारी कुणी नको? शेजारी सीटच नाही, दीदी. आणि मागे? मागे कुणी बसलं तर दंड.

म्हणजे चारुदत्तला माझ्या गाडीवर बसायला या राज्याचा कायदाच मनाई करतो. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं तेव्हासुद्धा मला या देशाबद्दल एवढं प्रेम वाटलं नव्हतं.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. कामावर कपकेक वाटले असतील. मी कोर्सला होते, एका मोठ्या पार्किंगमध्ये, दहा पोरांत एक काकू. जन्मात सायकलच्या पुढे काही चालवलं नाही. डोंबिवलीत सगळं चालत, नाहीतर रिक्षा.

शिकवणाऱ्याचं नाव डॅरिल. पोट मोठं, आवाज बारीक. तो ओरडत नाही. मी गाडी बंद पाडली की म्हणतो, नो वरीज, पुन्हा. मी अठरा वेळा बंद पाडली, तो अठरा वेळा तेच म्हणाला. शेवटी मलाच त्याची काळजी वाटायला लागली. एकोणिसाव्या वेळी ती सुरूच होईना. मी बॅटरी, पेट्रोल, साडेसाती सगळ्याचा विचार केला. डॅरिलने येऊन हँडलवरचं लाल बटण खाली केलं. मीच चुकून इंजिन बंद करायचं बटण दाबलं होतं.

"लूक व्हेअर यू वॉना गो," हे त्याचं एकच वाक्य. जिथे जायचंय तिकडे बघ, जिथे आपटायची भीती आहे तिकडे बघू नकोस. मी म्हटलं, एवढं सोपं असतं तर.

९ मार्च, रविवार

पास. मी, कादंबरी. पहिल्या फटक्यात.

चारू म्हणाला, चांगलंय. मग गॅरेजमध्ये फोन घ्यायला गेला. हल्ली सगळे फोन गॅरेजमध्ये. रविवारीसुद्धा. "माझी अवेलेबिलिटी फुल आहे, लगेच सुरू करू शकतो," असं कुणालातरी सांगत होता. आहे त्या कामाला वेळ पुरत नाही म्हणून पहाटे चारला उठतोस, आणखी कशाला ओढवून घेतोस? पण पुरुषांना कामाची हाव सुटत नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गाडी आली. एकशे पंचवीस सीसी, निळी, वजन माझ्या दुप्पट. (प्लॅनर कुणी वाचणार नाही, तर खरं लिहिते. दुपटीपेक्षा कमी.) प्रणव नावाच्या मुलाची होती. त्याची युनिव्हर्सिटी संपली, दुसऱ्या राज्यात, पॅरामॅटाला नोकरी लागली, म्हणून विकली. तोच आणून देऊन गेला.

चारू मुळात याच्या विरोधात. पण पाडव्याला घरात वाहन आलंय म्हटल्यावर पुण्याचा माणूस पूजा सोडणार थोडीच. गुढी उतरायच्या आधी उरकू म्हणाला. हळद-कुंकू, हार, हँडलला आंब्याऐवजी इथल्या लिलीपिलीच्या झाडाची डहाळी, आणि चाकाखाली लिंबू. लिंबू शेजारच्या झाडाचं. इथली लिंबं म्हणजे जाड सालीचा लहान नारळ. मी म्हटलं, अरे, अर्धं कापून ठेवू. तो म्हणाला, कापलेलं चालत नाही, आमच्याकडे अख्खंच ठेवतात, आमची प्रत्येक गाडी अख्ख्या लिंबावरून गेलीय.

त्याच्याकडची लिंबं पुण्याची होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी पहिला गियर टाकला, क्लच सोडला. चाक लिंबावर चढलं आणि तिथेच थांबलं. ओवी फोनवर शूट करत होती. चारू ओरडला, "रेस कर. रेस." मी रेस केली. लिंबू सुसाट रस्त्यापलीकडे गेलं आणि मी गाडीसकट लॅव्हेंडरच्या वाफ्यात.

लिंबू अख्खं राहिलं. क्लचचा दांडा वाकला. ओवी म्हणाली, "मम, धिस इज गोल्ड." चारूने आधी मला उचललं, मग गाडीला, आणि विशेष म्हणजे काही बोलला नाही. नुसता माझ्या गुडघ्यावरची माती झाडत बसला.

५ एप्रिल, शनिवार

आज पहिल्यांदा रस्त्यावर. कामावर जाऊन यायचा रस्ता, बारा किलोमीटर.

दुसऱ्या राउंडअबाउटला आरशात बघितलं तर मागे आमची राखाडी कार. चारही दिवे लुकलुकतायत. ताशी चाळीसच्या वेगाने चारुदत्त माझी मिरवणूक काढत होता. त्याच्या मागे सहा गाड्या. घरी येऊन मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, ओवीला मराठी वाचता येत नाही तरीही.

तो म्हणाला, माझी काही गरजच उरली नाही म्हण की. मी म्हटलं, अगदी बरोबर ओळखलंस.

१३ एप्रिल, रविवार

सिद्धार्थने जयंतीच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, टार्निटच्या हॉलमध्ये. सिद्धार्थ म्हणजे चारूचा जुना ऑफिसमित्र. दरवर्षी जातो. भाषणं झाली, पुलाव छान होता. जेवताना सिद्धार्थने चारूला हळूच विचारलं, शोध कुठवर आला? चारूने डोळ्यांनी गप्प केलं आणि लोणचं मागितलं. लोणचं त्याच्या ताटात होतं.

मी काही दूधखुळी नाही. कसला शोध, ते मला कळतं. वर्षभर याच्या डोक्यात ग्लेन वेव्हर्ली आहे. तिथल्या शाळा चांगल्या, ओवीचं भलं होईल. मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला घर बघतोय हा, माझ्या पाठीमागे. मग माझी साडेसहाची शिफ्ट कुठली नि काय कुठलं. म्हणूनच दर मंगळवारी आणि गुरुवारी टाय लावून, डबा घेऊन, ट्रेन सोडून कारने ऑफिसला जातो. म्हणे रुळांचं काम चालू आहे. वाटेत घरं बघत असणार.

२८ एप्रिल, सोमवार

ध्येय: साडेसहा.
निकाल: सहा वाजून एकोणीस मिनिटं.

लीनाने घड्याळ बघितलं, मग माझं पिवळं जाकीट बघितलं आणि म्हणाली, गुड. तिच्या मानाने हे भाषणच झालं.

ओवीने शाळेच्या आसपास त्या जाकिटात दिसायचं नाही अशी लेखी हमी मागितलीय.

२ मे, शुक्रवार

पाचही दिवस वेळेवर. पहाटे निघताना चारच अंश होते. सगळ्या गल्लीतल्या गाड्या दवाने निथळत होत्या, कचऱ्याचे डबेसुद्धा. माझी सीट मात्र कोरडी खडखडीत. आठवडाभर बघतेय. जपान्यांनी काय कोटिंग दिलंय कोण जाणे, मानलं पाहिजे. कुशलला सांगितलं तर म्हणतो, दीदी, मेरी तो रोज गीली होती है. त्याची गाडी वेगळ्या कंपनीची आहे.

नवरा पहाटे उठून ओट्याशी उभा असतो. चहा करतो. मी हेल्मेट घातलं की तोंड फिरवतो. अजून रुसलाय.

९ मे, शुक्रवार

आज भ्याले. खरंच भ्याले.

आमच्याकडे निम्मी वस्ती आणि निम्मी गोदामं. पहाटे लांबलचक ट्रक निघतात. त्यात आज वारा. एक ट्रक शेजारून गेला, आधी त्याने मला बाहेर ढकललं, मग आत ओढलं. एवढीशी गाडी, तिला कोण विचारतो. माझी नजर गेली ट्रकच्या चाकांवर आणि गाडी तिकडेच वळायला लागली. तेव्हा डॅरिलचं वाक्य आठवलं. लांबचा हिरवा सिग्नल बघितला, डोळे तिथून हलवले नाहीत. पोचले सव्वासहाला. जाकीट न काढताच कामाला लागले. सात नंबरच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, थंडी वाजतेय का डियर, आणि स्वतःची शाल दिली.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्यापासून मिरवणूक.

१५ मे, गुरुवार

कडाक्याचं भांडण.

मी सरळ विचारलं, माझ्यापासून काय लपवतोयस. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हटलं, पकडला. मी म्हणाले, या वर्षी माझं काहीतरी होतंय, ते तुला बघवत नाही. तुला परत माझ्या शेजारच्या सीटवर बसायचंय, आरडाओरडा करायला.

तो फक्त म्हणाला, "तसं नाहीये, कादंबरी." आणि इस्त्री करायला गेला. उद्या मीटिंग आहे म्हणे, व्हिडिओवर. फक्त शर्टाची पुढची बाजू आणि कॉलर करतो. एवढा आळशी माणूस.

२२ मे, गुरुवार

आजच्या ध्येयाची चौकट कोरी ठेवलीय.

आज एका विंगमध्ये पोटाची साथ आली, ती विंग बंद केली आणि आम्हा काहीजणांना साडेअकरालाच घरी पाठवलं. मला मोकळा दिवस मिळाला आणि गाडी माझी. म्हणून वाटेत लायब्ररीत गेले, ओवीचं पुस्तक परत करायला. एवढ्या वर्षांत त्या लायब्ररीत मी एकटी कधी गेले नव्हते. जिथे चारू न्यायचा, तिथेच मी जायचे.

मागच्या पार्किंगमध्ये, झाडाखाली आमची कार. काचेवर चिकटवलेला आमचाच गणपती. वाटलं, आता रंगेहाथ पकडते, घरांचा एजंट सोबत असणार. हेल्मेट न काढताच तशीच गेले.

चारू ड्रायव्हरच्या सीटवर नव्हता. डावीकडे बसला होता, माझ्या जागी, कारण तिकडे मांडीवर लॅपटॉप मावतो. टाय सैल. पुढे काचेशी डबा, अजून न उघडलेला. लॅपटॉपवर अर्ज होता. त्याने काचेतून पिवळं जाकीट बघितलं आणि घाईघाईने मान हलवली, निघतोय, निघतोय म्हणून. त्याला मी पार्किंगवाली वाटले.

मी हेल्मेट काढलं.

पुढचं एकच दार मोकळं होतं. मी उजवीकडून आत बसले, स्टिअरिंगपाशी, हेल्मेट मांडीवर.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जानेवारी. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही केलं."

"मग ग्लेन वेव्हर्ली?"

"कसलं ग्लेन वेव्हर्ली?"

मला संताप आला. चार महिने. चार महिने मी याला डबा भरून दिला. भाजी कोरडी कर म्हणायचा, गाडीत सांडते म्हणून, आणि मी करत होते. सिद्धार्थला माहीत, मला नाही. मी खूप बोलले. बोलता बोलता मला माझंच पंधरा तारखेचं बोलणं आठवलं आणि मांडीवरचं हेल्मेट मी मागच्या सीटवर ठेवलं.

तो समोर बघत होता. म्हणाला, "सकाळी तुला वेळेवर सोडायचं, तेवढं एकच काम होतं मला. त्यात एकदाही उशीर केला नाही मी. तेही तू घेतलंस." मग लगेच म्हणाला, "चांगलं केलंस. मला सांगता येत नव्हतं, पण चांगलं केलंस."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. तो माझ्या शेजारच्या सीटवर होता आणि काहीही सांगत नव्हता. ब्रेक नाही, आरसा नाही. मला ते सहन होईना. शेवटी मीच डबा उघडला, पोळीचे दोन भाग केले आणि म्हटलं, खा. त्याने खाल्लं. भाजी कोरडी होती.

निघताना मी म्हणाले, मागून ये. तो आला. दिवे न लावता, दोन गाड्या सोडून. सगळ्या राउंडअबाउटला मी आरशात बघितलं.

२३ मे, शुक्रवार

ट्रायलचा शेवटचा दिवस. सहा अंश, वारा नाही.

चारच्या सुमाराला जाग आली. चारू शेजारी झोपला होता, तोंड उघडं, घोरत. सव्वापाचला उठले तरी तसाच. चहा माझा मी केला.

बाहेर आले. सगळ्या गल्लीतल्या गाड्या निथळत होत्या. माझी सीटही. चांगली ओली, मधे पाणी साचलेलं. मी आधी गाडीकडेच रागाने बघितलं, कोटिंग संपलं का म्हणून. मग बाजूच्या नळाला अडकवलेलं फडकं दिसलं. चारूच्या जुन्या बनियनचं. पिळून वाळत टाकलेलं. चार आठवडे ते तिथेच असणार. मी कधी बघितलं नाही.

कसलं कोटिंग, कादंबरी.

आत जाऊन त्याला उठवावं असं फार वाटलं. नाही उठवलं. त्याच फडक्याने सीट पुसली, हळूच गाडी गल्लीच्या तोंडाशी ढकलत नेली आणि तिथे सुरू केली.

सहा वाजून बावीस. लीनाने पत्र दिलं आणि किल्ल्या. पत्रात 'कायम' हा शब्द दोनदा आहे. मी चारूला मेसेज केला: मिळाली. आणि खाली लिहिलं: सीट ओली होती.

त्याचं उत्तर साडेनऊला आलं. "सॉरी गं. झोप लागली."

मी ते तीनदा वाचलं, फोन खिशात टाकला आणि सात नंबरच्या आजींना अंघोळीला नेलं.